नर्सबाईच्या घरचं बारसं

रूथ, अशी जवळ ये बाई. कागदातून का होईना, पण जवळ ये आणि दोन घटका हलू नकोस. दर नाताळाला तुझा फोन येतो. मी "सुखी राहा" म्हणून पुढचं बोलायला तोंड उघडते, तोवर तिकडून "ठेवते मावशी, कुकर झाला" असं ऐकू येतं. तुझ्या घरचा कुकर बरोबर माझ्याच बोलण्याच्या वेळी कसा होतो ते मला कळत नाही. आणि गेल्या खेपेला तर तू कहरच केलास. फोन ठेवता ठेवता विचारलंस, "मावशी, आई त्या आडगावात इतकी वर्षं का राहिली? तिला नगरकडं नोकरी मिळत होती ना?" अशी गोष्ट अशा घाईत विचारतात का गं? आणि आडगाव कोणाला म्हणतेस? त्याच गावच्या तलावाच्या बांधावर, पाळीवर, तू रांगायला शिकलीस, त्याच तलावाचे शिंगाडे खाऊन तुझं पोट बिघडायचं. तुझी आई असती तर तिनंच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा नीट आणि थोडक्यात. मला थोडक्यात जमत नाही. मी सातवी शिकलेली, पुढचं जे काही वाचायला शिकले ते तिच्या पुस्तकांवर. तेव्हा जसं येईल तसं लिहिते, तू तसंच वाच.

आमचं गाव करडी गावाच्या बाजूला, तलावाच्या पाळीला पाठ लावून बसलेलं. दिवाळी उलटली की शेतातलं धान खळ्यावर यायचं आणि मग पौषापर्यंत सगळ्या गावाला एकच आवाज. बैल गोल फिरताहेत, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या एका चालीत वाजताहेत, मध्ये बाबांचा "हो, हो" असा लांबट सूर, आणि वाऱ्यावर धान उडवताना सुपातून पडणाऱ्या दाण्यांची सरसर. त्या आवाजात मी झोपत होते आणि त्याच आवाजात उठत होते. घरात नव्या तांदळाचा वास. नवा भात चिकट होतो, मोकळा होत नाही, पण त्याची गोडी जुन्याला नाही. त्यावर वरणाचं पाणी, बाजूला वालाच्या उकडलेल्या शेंगा, एखाद्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे. संध्याकाळी माय उकडलेले शिंगाडे परातीत ओतायची आणि आम्ही दातांनी फोडून खायचो, ओठ काळे होईपर्यंत. आता बाजारात सोललेले शिंगाडे मिळतात, पांढरे धुतलेले. मी आणत नाही. ओठ काळे न होता शिंगाडा खाल्ल्यासारखं वाटतच नाही.

घरात चालायचं ते मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, बाबांची वहिनी. उंच, हाडापेराची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा आवाज आमच्या अंगणातून निघाला की विहिरीवरच्या बाया घागर खाली ठेवून ऐकायच्या. माझी माय तिच्यापुढं बोलत नसे. भीतीनं नाही, सवयीनं. आणि एकट्या आमच्या घराचं नाही, सगळ्या मोहल्ल्याचं तसंच होतं. मोठीमाय ज्या लग्नात जेवली त्या लग्नात सगळ्या बाया जेवणार. ती पाणी न पिता उठली की बाकीच्याही पदर सावरून उठणार. कोणी असा नियम केला नव्हता, पण होता.

तुझी आई आमच्या गावी नर्सबाई म्हणून आली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. पांढरं पातळ, पायात कापडी बूट, सायकलच्या मागे लाकडी पेटी. सायकलवर बसलेली बाई आमच्या गावानं तोवर पाहिली नव्हती. नाव विमल. आम्हाला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं की ती ख्रिस्ती आहे. कळलं तेव्हा माझी मैत्रीण शेवंता म्हणाली, "मंग नाव काहून आपल्यासारखं?" आम्हाला वाटायचं, ख्रिस्ती म्हणजे सगळे मेरी आणि जॉन. ती नगर जिल्ह्यातली, "मला, तुला" बोलायची, आणि आमचं "मले, तुले" ऐकून सुरुवातीला गालात हसायची. पुढं तीच बाजारात "मले एक पायली तांदूळ द्या" म्हणायला लागली, ते तुला ठाऊकच आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी माय अडली होती. गावच्या सुईणीनं हात टेकले. पाऊस, रस्त्यात चिखल, मोहाडीच्या मोठ्या दवाखान्याला बैलबंडी पोचणार नाही. तेव्हा ही सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून आली. मोठीमायनं कंदील धरला होता. नंतर तिनं नर्सबाईची ओटी भरली, नारळ दिला, तिला बाजेवर बसवून चहा पाजला. पण ऐक, तो चहा वेगळ्या कपात. कप बशीसकट होता, आमच्या कपांपेक्षा नवा होता, खास मोहाडीच्या बाजारातून आणलेला. मोठीमायला वाटे की आपण केवढा मान देतो आहोत. सगळ्या गावात तेच. बाळंतपणाला नर्सबाई, तापाला नर्सबाई, सासूसुनांच्या भांडणातसुद्धा नर्सबाई; पण तिच्या घरी कोणी घोटभर पाणी पीत नसे. कोणी तिला वाईट बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेवंता आणि मी मात्र तिच्याकडं पडीक. दवाखान्याच्या मागं तिच्या दोन खोल्या होत्या, कौलारू, पुढं ओसरी आणि कुडाचं कुंपण. ती आम्हाला विणकाम शिकवायची, पुस्तकं वाचायला द्यायची. माझा भाऊ वर्षाचा झाला त्या वर्षी धान निघाल्यावर ती म्हणाली, यंदा नाताळाला घर सजवायचं, तुम्ही दोघी मदतीला या. आम्हाला काय, सुगीच झाली. आम्ही पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, ओसरी शेणानं सारवली, चौकटीला गेरू लावला. तिला एक झाड हवं होतं, त्यावर कापूस लावायला. तिकडं परदेशात बर्फ पडतं म्हणे, त्याची आठवण. आम्ही पाळीवरून बोरीची भलीमोठी फांदी तोडून आणली. हात ओरबाडले, पण काम सोपं झालं, कारण कापूस बोरीच्या काट्याला आपोआप चिकटतो आणि पिवळी बोरं आधीच लटकलेली असतात. ती फांदीकडं पाहतच राहिली. म्हणाली, असं झाड तिनं कुठल्याही चर्चमध्ये पाहिलेलं नाही. आम्ही धानाच्या लोंब्यांचं तोरण गुंफलं, चिमण्यांसाठी बांधतो तसं, आणि ते ओसरीला लावलं. चिमण्या आल्याही.

मग तिनं सांगितलं की बाळ गोठ्यात जन्मलं, गव्हाणीत ठेवलं होतं, तसा गोठा करायचा आहे. हे तर आमच्या घरचंच काम. तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणली, बांबूच्या कांबींचं छप्पर केलं. बैल हवे होते. मी घरी जाऊन तान्ह्या पोळ्याचा भावाचा लाकडी बैल उचलून आणला, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. शेवंतानं तिच्या भावाचा आणला. बाळ मात्र नर्सबाईच्या पेटीत होतं. बोटभर लांब, चिनी मातीचं, तिच्या आजीपासून चालत आलेलं, एका कानाचा टवका उडालेला. ती ते कापसात गुंडाळून ठेवत असे.

दारावर लावायच्या चांदणीचं काम संध्याकाळचं. कांबींचा सांगाडा, त्यावर पतंगाचा लाल कागद, आत कंदील ठेवायला जागा. ती बोटानं खळ लावत होती आणि मी कागद ताणून धरला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "सुमन, आईनं बोलावलंय. आमच्याकडच्या एका दवाखान्यात जागा आहे. मी अजून हो म्हटलं नाही."

मी विचारलं, जाणार का. त्यावर ती मागच्या नाताळाचं सांगू लागली. तिनं सगळ्या मोहल्ल्याला बोलावलं होतं, सकाळपासून रांधलं होतं. बाया आल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या, सणाचं बोलल्या आणि घरी काम आहे म्हणून परत गेल्या. शेवटी तिनं सगळं अन्न टोपल्यात घालून खळ्यावर नेलं. मजुरांनी पोटभर खाल्लं, उघड्यावर. घरात कोणी पाय ठेवला नाही. "मी इथं शंभर घरांत रात्ररात्र बसते," ती म्हणाली, "माझ्या घरात कोणी बसत नाही. यंदा चार जणी आत येऊन जेवल्या तर मी राहीन. नाही तर होळीच्या आत जाईन." ती रडत बिडत नव्हती. कागदाची कड चिकटली का ते दाबून पाहत होती. माझ्या मात्र हातातून कागद सुटला.

आता शेवंताचं डोकं ऐक. नाताळाच्या आदल्या दिवशी नर्सबाई करडीला गेली होती आणि आम्ही दोघी शेवटचा हात फिरवत होतो. शेवंता कमरेवर हात ठेवून घराकडं बघत म्हणाली, "बाळाचं घर आहे, आन दाराले निंब नाही?" खरंच की. आमच्याकडं बाळंतिणीच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधतात, शेगडीत ओवा टाकून धूर करतात, म्हणजे बाळाला काही बाधत नाही. नुकतीच तिची वहिनी बाळंत झाली होती, तिला सगळं पाठ होतं. आम्ही विहिरीजवळच्या निंबाचे चांगले भरदार डहाळे आणले आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना बांधले. शेगडी ठेवली, तीत ओवा टाकला. नर्सबाई आली, तिला वाटलं सजावट. त्यांच्याकडं नाताळात दाराला हिरवं बांधतातच. म्हणाली, छान दिसतंय, थंड वाटतंय. आम्ही दोघी फुगलो.

नाताळाचा दिवस उजाडला. तिनं केक केला होता. भट्टी कुठली, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती तापवून त्यात छोटा गंज ठेवला होता. रव्याचा केक, वरून शेवंताच्या घरची चारोळी. अंडं घातलं नाही, कारण मोहल्ल्यात कोण काय खातं हे तिनं माझ्याकडून हळूच काढून घेतलं होतं. शिवाय पुऱ्या, वांग्याची भाजी, नव्या तांदळाची खीर. आत सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. ती स्वतः निळं रेशमी पातळ नेसली होती. मी पहिल्यांदाच तिला पांढऱ्यावाचून पाहिलं.

दुपारी गल्लीतून बाया आल्या. पुढं मोठीमाय, मागं बाकीच्या, सर्वांत मागं माझी माय, कडेवर भाऊ. मोठीमाय तिचं चांगलं लुगडं नेसली होती, लग्नाकार्याचं, जांभळं. ती कुंपणाशी आली आणि थांबली. ती थांबली म्हणून सगळी रांग थांबली. ती दाराकडं बघत होती.

"हा निंब कोणं बांधला?"

"आमी," शेवंता म्हणाली, मोठ्या खुशीत. "बाळ झालं ना, मोठीमाय."

"कवा?"

"काल राती."

मोठीमाय मागं वळून बायांना म्हणाली, "घराले सोयेर आहे. आज आत कसं जाता येईन?"

सोयेर म्हणजे जन्माचा विटाळ, तुला माहीत नसेल. ज्या घरी बाळ जन्मतं त्या घरी बारशापर्यंत बाहेरचं कोणी जेवत नाही. मेलेल्याचं सुतक असतं तसं जन्मलेल्याचं सोयेर. बायांनी माना हलवल्या. बरोबरच होतं त्यांच्या हिशेबानं. दाराला निंब, दारात ओव्याचा धूर. आम्ही पोरींनीच तर पाटी लावली होती की आत येऊ नका. नर्सबाई ओसरीवर आली. तिला आधी कळेना. मी हळूच सांगितलं. ती म्हणू लागली की हे बाळ जन्मून दोन हजार वर्षं झाली, आणि मध्येच थांबली. बायांच्या तोंडांकडं तिनं पाहिलं. तिच्या मागं आत सगळ्या पत्रावळी मांडलेल्या दिसत होत्या, आणि मला वाटलं, झालं, ही गेली.

मी आयुष्यभर हा विचार केला आहे की मोठीमायला खरंच सोयेर दिसलं, की दाराशी आल्यावर तिचा धीर सुटला आणि निंब आयता सापडला. कधी एक वाटतं, कधी दुसरं. पण एक सांगते. ज्या बाईला जेवायचंच नसतं ती कार्याचं लुगडं नेसून येत नाही. ती घरून जेवायला निघाली होती. पाय कुंपणाशी अडला.

नर्सबाई ओसरीच्या पायरीवर खाली बसली. रागानं नाही, अगदी घरच्यासारखी, गुडघे जवळ घेऊन. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, मोठीमाय. मला सुचलंच नाही. मग बारसं कधी करायचं ते सांगा."

मोठीमाय गोंधळली. "कोणाचं?"

"ह्या बाळाचं. सोयेर आहे म्हणजे बारसं आलंच. त्याला इथं मोठं माणूस कोणी नाही, तुम्हीच सांगा."

"बारसं बाराव्या दिवशी असते," मोठीमाय जड आवाजात म्हणाली. "आखीन कवा असन?"

"मग बाराव्या दिवशी या सगळ्या. तोवर मी हे काहीच काढत नाही. आमच्यातही ह्या बाळाला पाहायला लांबचे शहाणे लोक उशिराच पोचले होते. पहिल्या दिवशी फक्त मेंढपाळ आले."

बाया गेल्या. शेवंता आणि मी पोटभर जेवलो, पण आम्ही पोरी, आमचं जेवण कोण धरतं. बाकीचं पुन्हा खळ्यावर गेलं. रात्री चांदणीत कंदील लावताना मी तिला विचारलं, तुम्हाला वाटतं का त्या येतील. ती म्हणाली, "मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलाय. आता त्यांनी ठेवायचा." पण तिची पेटी भिंतीपासून पुढं ओढलेली मी पाहिली, आणि तिच्यावर घड्या घातलेली पांढरी पातळं.

ते मधले दिवस फार वाईट गेले. घंट्या वाजत होत्या, धान पाखडलं जात होतं आणि माझं कशात लक्ष नव्हतं. विहिरीवर बोलणं चाले. कोणी म्हणे, चिनी मातीच्या बाळाचं कायचं बारसं. कोणी म्हणे, मोठीमाय आपल्याच तोंडानं फसली. मोठीमायच्या कानावर ते जायचं आणि ती भांडी जोरानं आपटायची. एका सकाळी ती चुलीपुढं बसून, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाली की धान घरात यायचं आहे, बारशाले जायले कोणाले फुरसत आहे. माय भाकर थापत होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि खालच्या मानेनंच बोलली.

"तिनं माह्या लेकराचा जीव वाचवला. तिच्या लेकराच्या बारशाले मी जाईन. तुमी नाही आल्या तरी जाईन."

माझ्या मायला मोठीमायपुढं असं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही. बाबा ताटावरून उठायचे थांबले. मोठीमायनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. पण बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी पाहिलं, तिनं कोठीतून बरबटी, म्हणजे चवळी, काढून मोठ्या गंजात भिजत घातली होती. बारशाच्या घुगऱ्यांना बरबटीच लागते, आणि ती घरच्यांपुरती नव्हती, गंज काठोकाठ भरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे बाबा आणि बाबा आमचा लाकडी पाळणा उचलून पुढं, मागं बाया. आमच्याच घरचा पाळणा, ज्यात मी वाढले, भाऊ वाढला. तो नर्सबाईच्या घराच्या आड्याला टांगला. शेवंताच्या मायनं अंगठ्याएवढं टोपडं शिवून आणलं होतं. त्या भल्यामोठ्या पाळण्यात ते बोटभर बाळ दिसेना, तेव्हा खाली उशी दिली, तरी दिसेना, मग दुसरी दिली. दाराचे निंबाचे डहाळे वाळून करकरीत झाले होते. मोठीमायनं स्वतःच्या हातानं ते सोडले, बाजूला ठेवले आणि उंबरा ओलांडून आत आली.  तिच्या मागं एकेक करत सगळ्या आल्या, सतरंजीवर बसल्या, बोरीच्या फांदीकडं पाहून एकमेकींना कोपर मारू लागल्या. दोघींनी बोरं तोडून खाल्लीही.

मग चौकशा सुरू झाल्या. बायांना बाळंतपणाचं सगळं लागतं. बाळंतीण केवढी होती, पोटुशी होती तरी प्रवास काहून केला, सासू कोठं होती. नर्सबाई सांगत होती. मोठीमायनं विचारलं, "गोठ्यात झाली त सोबत बाई कोण होती? नाळ कोणं कापली?"

नर्सबाई, जिनं शेकडो नाळा कापल्या, ती म्हणाली, "तसं कुठं लिहिलेलं नाही."

"लिवणारा गडी माणूस असन," मोठीमाय म्हणाली.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि तुझी आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढंही कितीदा ती हे आठवून एकटीच हसायची.

पाळणे म्हटले. आम्हाला येत होते ते देवांचेच पाळणे, तेच म्हटले, जिथं नाव येईल तिथं नुसतं "बाळ" म्हणून पुढं गेलो. मग नाव ठेवायची वेळ आली आणि सगळं अडलं. नाव बाळाच्या कानात आत्या सांगते, दुसऱ्या कोणाला तो मान नाही. मोठीमायनं विचारलं, "बापाची बहीण कोण आहे याची?"

नर्सबाई म्हणाली, "या गावात त्याला माझ्याशिवाय कोणी नाही."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. पण ते बाळाबद्दल नव्हतं हे मोठीमायला कळलं असावं, कारण ती पाळण्याची दोरी हातात घेऊन बसली. कोणीतरी खाकरलं. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि गुडघ्यांवर पुढं सरकली. "सांग बापा, नाव काय सांगू?" नर्सबाईनं सांगितलं. "आन कोणत्या कानात? हा त फुटला आहे." चांगल्या कानात, असं ठरलं. मोठीमाय पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं, आणि आमच्या रीतीप्रमाणं सगळ्या बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. इतक्या वर्षांचे हिशेब निघाले त्या धपाट्यांत. माझ्या मायनं घातलेला सर्वांत जोराचा होता. "अवो हळू, म्हातारी आहो मी," असं मोठीमाय म्हणत होती आणि हसत होती.

आत्याचं तोंड आधी गोड करायचं असतं, मग बाकीच्यांचं. नर्सबाई आतून ताटली घेऊन आली. घुगऱ्या मोठीमायनं घरून आणलेल्या होत्या, त्या खाण्यात काही नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. ताटलीत केकचा तुकडा होता. सकाळी तिच्या चुलीवर, तिच्या पाण्यानं, तिच्या हातानं केलेला.  सगळ्या बाया मोठीमायकडं बघत होत्या आणि मोठीमाय ताटलीकडं. तिनं तो तुकडा उचलला, उलटा करून बुडाकडं पाहिलं, तोंडात घातला. तिचे दात बरेच गेले होते, तिला चावायला वेळ लागला. तो वेळ मला अजून आठवतो. मग ती म्हणाली, "खालून लागला. पुढल्या वर्षी रेती जास्त टाकजो."

बस्स, एवढंच बोलली. आणि पत्रावळ पुढं ओढली. मागोमाग साऱ्या जणींनी ओढल्या. नर्सबाई वाढायला वाकली ती बराच वेळ वर उठलीच नाही, एकीच्या पानात खीर वाढतच राहिली, शेवटी ती बाई म्हणाली, "नर्सबाई, वाहून चालली." त्या दिवशी त्या घरात किती पंगती उठल्या ते मी सांगत नाही, खोटं वाटेल. भात तर दुसऱ्यांदा टाकावा लागला आणि चुलीशी माझी माय बसली होती, तिच्याच चुलीशी, नर्सबाईच्या.

तिनं मला कधी म्हटलं नाही की मी राहते. काही दिवसांनी मी गेले तर पेटी भिंतीला परत लागलेली होती आणि तिच्यावर आमच्या पाळण्याची उशी, जी कायमची तिथं राहून गेली. पुढच्या नाताळाला मोठीमाय स्वतः रेती चाळायला बसली, कारण तिच्या मते नर्सबाईला आच कळत नव्हती. वेगळा कप आमच्या घरी आणखी काही वर्षं राहिला, ते लपवत नाही. मग एकदा बशी फुटली, नंतर तो कप सगळ्यांच्या कपांत मिसळून गेला. माणसं एकदम बदलत नाहीत गं. पण उंबरा ओलांडलेलं माणूस पुन्हा कुंपणाशी उभं राहत नाही, एवढं मी पाहिलं आहे. पुढं तुझे बाबा शाळेवर आले, त्यांचं जमलं, तू झालीस. तुझ्या कानात नाव कोणी सांगितलं, ते तुमच्या अल्बमात नाही, कारण तेव्हा फोटोवाला नव्हता. मोठीमायनंच. "रूथ" तिच्या जिभेला अवघड, ती मरेपर्यंत तुला "रुता" म्हणत होती.

आता मोठीमाय नाही, माय नाही, तुझी आई नाही. शेवंता तुमसरला लेकाकडं असते, तिला ऐकू येत नाही, पण निंबाची गोष्ट काढली की अजून म्हणते, बरोबरच होतं माझं. दवाखाना नवा झाला, मागच्या दोन खोल्या पाडल्या. मी आहे, आणि माझी चूल आहे. माझे गुडघे मला तुझ्याकडं नागपूरला येऊ देत नाहीत, नाही तर मीच आले असते. तू ये बाई. सण पाहून ये असं नाही, कोणत्याही दिवशी ये, पण लवकर ये. आणि येताना रस्त्यात काही खाऊ नकोस. उपाशी ये.